जावास्क्रिप्टमधील एकक चाचणी

जावास्क्रिप्टमधील एकक चाचणी किंवा युनिट टेस्टिंग ही जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीतील एकेक फंक्शन स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत आहे. तीत फंक्शनला ठरावीक इनपुट दिले जाते आणि मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळते की नाही, हे दुसऱ्या आज्ञावलीकडून आपोआप पडताळले जाते. न्याहाळकात म्हणजेच ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट सामान्यतः अनेक स्वतंत्र फाइलींत विभागलेली असते. त्यामुळे या चाचणीत फंक्शनचे वर्तन तपासण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: संकेतस्थळासाठी लिहिलेल्या फाइलीतील फंक्शन चाचणीच्या फाइलीला उपलब्ध कसे करून द्यायचे?

या प्रश्नाची सर्वांत सोपी वाटणारी वाट म्हणजे फंक्शनची प्रत काढून ती चाचणीच्या फाइलीत चिकटवणे. ही पद्धत सदोष मानली जाते. मूळ फाइलीत नंतर बदल झाला, तरी प्रत जुनीच राहते आणि चाचणी उत्तीर्ण होत राहते. वापरकर्त्याच्या न्याहाळकात जी फाइल पोहोचते, तीच फाइल चाचणीने वाचली पाहिजे, हे या विषयातील मूलभूत तत्त्व आहे. पुढे वर्णन केलेल्या सर्व पद्धती ते पाळण्याचे निरनिराळे मार्ग आहेत.

## संकल्पना

एकक चाचणीतील 'एकक' म्हणजे स्वतंत्रपणे तपासता येईल असा आज्ञावलीचा लहानात लहान भाग. जावास्क्रिप्टमध्ये तो बहुधा एखादे फंक्शन किंवा क्लासमधील एखादी मेथड असतो. प्रत्येक चाचणीचे साधारणपणे तीन टप्पे असतात. पहिल्यात आवश्यक माहितीची जुळवाजुळव होते, दुसऱ्यात फंक्शन चालवले जाते आणि तिसऱ्यात मिळालेल्या उत्तराची अपेक्षित उत्तराशी तुलना होते. तुलना करणाऱ्या विधानाला असर्शन म्हणतात. असर्शन खोटे ठरल्यास चाचणी अनुत्तीर्ण होते आणि अपेक्षित व प्रत्यक्ष अशी दोन्ही मूल्ये दाखवली जातात.

ज्या फंक्शनचे उत्तर केवळ त्याला दिलेल्या इनपुटवर अवलंबून असते आणि जे बाहेर कोठेही बदल करत नाही, त्याला शुद्ध फंक्शन म्हणतात. अशा फंक्शनची चाचणी सर्वांत सोपी असते. याउलट जे फंक्शन वेबपानावरील मजकूर वाचते, घड्याळातील वेळ विचारते किंवा सर्व्हरकडून माहिती मागवते, त्याच्या चाचणीसाठी त्याच्या भोवतालची परिस्थितीही उभी करावी लागते.

## इतिहास

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली. सुरुवातीच्या काळात तिचा उपयोग प्रामुख्याने वेबपानावरील अर्ज तपासण्यासारख्या किरकोळ कामांसाठी होत असे. त्या काळी चाचणी म्हणजे पान न्याहाळकात उघडून, बटणे दाबून काय होते ते डोळ्यांनी पाहणे, एवढाच अर्थ होता.

आपोआप चालणाऱ्या एकक चाचण्यांची परंपरा अन्य भाषांतून जावास्क्रिप्टमध्ये आली. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट ही चौकट तयार केली होती. तिच्या धर्तीवर बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेयुनिट लिहिले. त्याचेच अनुकरण करणारे जेएसयुनिट २००१ च्या सुमारास जावास्क्रिप्टसाठी उपलब्ध झाले. पुढे जॉन रेसिग यांनी जेक्वेरी या संग्रहाच्या चाचणीसाठी क्यूयुनिट तयार केले. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र ओळख मिळाली आणि २००९ मध्ये त्याचे जेक्वेरीवरील अवलंबित्व काढून टाकण्यात आले. जॅस्मिन २०१० मध्ये आणि मोका २०११ मध्ये आले.

रायन डाल यांनी २००९ मध्ये सादर केलेल्या नोड.जेएसमुळे जावास्क्रिप्ट न्याहाळकाच्या बाहेर, थेट आदेशओळीवर चालवणे सोपे झाले. त्यामुळे न्याहाळकासाठी लिहिलेली फंक्शनेही न्याहाळक न उघडता तपासण्याची सोय झाली. फेसबुकने २०१४ मध्ये जेस्ट ही चौकट खुली केली. २०२२ मध्ये ती ओपनजेएस फाउंडेशनकडे सोपवण्यात आली. नोड.जेएसच्या १८ व्या आवृत्तीत (२०२२) अंगभूत चाचणी-चालक प्रायोगिक स्वरूपात आला आणि २० व्या आवृत्तीत (२०२३) तो स्थिर घोषित झाला. त्यामुळे साध्या चाचण्यांसाठी कोणतीही बाहेरची चौकट बसवण्याची आवश्यकता उरली नाही.

## स्वतंत्र फाइलींमुळे येणारा प्रश्न

वेबपानावर स्क्रिप्ट टॅगद्वारे जोडलेल्या पारंपरिक फाइली एकाच सार्वत्रिक कक्षेत म्हणजे ग्लोबल स्कोपमध्ये चालतात. एका फाइलीत वरच्या स्तरावर घोषित केलेले फंक्शन त्यानंतर जोडलेल्या प्रत्येक फाइलीला दिसते. वेगवेगळ्या फाइलींना परस्परांची नावे सांगावी लागत नाहीत, फक्त त्या योग्य क्रमाने जोडाव्या लागतात. मात्र कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे, याची नोंद त्यामुळे त्या फाइलीत कोठेच राहत नाही. ती केवळ पानातील टॅगांच्या क्रमात दडलेली असते.

नोड.जेएसमध्ये परिस्थिती वेगळी असते. तेथे प्रत्येक फाइल हे स्वतंत्र मॉड्यूल असते आणि तिच्यातील नावे स्पष्टपणे निर्यात केल्याखेरीज बाहेर दिसत नाहीत. न्याहाळकात व्यवस्थित चालणारी फाइल नोडमध्ये मागवली, तर ती कोणतीही तक्रार न करता चालते, परंतु मागवणाऱ्याच्या हाती रिकामी वस्तू येते.

यात आणखी दोन अडचणी संभवतात. अनेक जुन्या फाइलींतील सर्व मजकूर ताबडतोब चालणाऱ्या एका निनावी फंक्शनमध्ये गुंडाळलेला असतो. सार्वत्रिक कक्षेत नावांची गर्दी होऊ नये, हा त्यामागील हेतू होय. परंतु त्यामुळे आतील फंक्शने न्याहाळकातील चाचणीलाही दिसत नाहीत. दुसरी अडचण अशी की, काही फाइली लोड होताच पानावरील घटक शोधू लागतात. न्याहाळकाचा डॉक्युमेंट ऑब्जेक्ट नोडमध्ये अस्तित्वात नसल्याने अशी फाइल पहिल्याच ओळीवर त्रुटी देऊन थांबते आणि तिच्यातील पूर्णपणे शुद्ध असलेली फंक्शनेही तपासता येत नाहीत.

## पद्धती

### चाचणीसाठी स्वतंत्र वेबपान

ही सर्वांत जुनी पद्धत आहे आणि मूळ फाइलीत तिच्यासाठी काहीही बदल करावा लागत नाही. केवळ चाचणीसाठी एक एचटीएमएल पान तयार केले जाते. त्यात प्रथम चाचणीची चौकट, मग संकेतस्थळाची मूळ फाइल आणि शेवटी चाचणीची फाइल, अशा क्रमाने टॅग लिहिले जातात. सर्व फाइली एकाच सार्वत्रिक कक्षेत चालत असल्याने चाचणीला मूळ फंक्शने नावाने हाक मारून वापरता येतात. पान उघडताच निकाल त्याच पानावर दिसतो. क्यूयुनिट, जॅस्मिन व मोका या तिन्ही चौकटी अशा प्रकारे वापरता येतात.

चाचणी खऱ्या न्याहाळकात चालते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मात्र प्रत्येक वेळी पान हाताने उघडावे लागत असल्याने ती पुढेपुढे टाळली जाण्याची शक्यता असते. पपेटियर व प्लेराइट यांसारखी साधने खरा न्याहाळक पडद्यावर न दाखवता चालवून हे काम आपोआप करून देतात.

### सशर्त निर्यात

या पद्धतीत मूळ फाइलीच्या शेवटी एक लहानशी अट लिहिली जाते. मॉड्यूल नावाचा ऑब्जेक्ट उपलब्ध असेल, तर फंक्शने त्यातून निर्यात करावीत, एवढाच तिचा आशय असतो. न्याहाळकात हा ऑब्जेक्ट नसल्याने ती अट खोटी ठरते आणि फाइल पूर्वीप्रमाणेच चालते. नोडमध्ये मात्र अट खरी ठरून फंक्शने चाचणीच्या हाती येतात. अट लिहिताना त्या नावाचा प्रकार विचारणारे टाइपऑफ हे चिन्ह वापरणे आवश्यक असते, कारण अस्तित्वात नसलेले नाव थेट वापरल्यास न्याहाळकात त्रुटी येते.

### व्हीएम मॉड्यूलद्वारे वेगळ्या संदर्भात चालवणे

मूळ फाइलीत एका अक्षराचाही बदल करणे शक्य नसेल, तेव्हा नोडमधील व्हीएम हे अंगभूत मॉड्यूल उपयोगी पडते. चाचणी मूळ फाइलीचा मजकूर डिस्कवरून वाचते, एक नवा रिकामा संदर्भ तयार करते आणि तो मजकूर त्या संदर्भात चालवते. त्यानंतर वरच्या स्तरावरील फंक्शने त्या संदर्भाच्या ऑब्जेक्टवर उपलब्ध होतात.

ही पद्धत वापरताना दोन बाबी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, फंक्शन व व्हार या शब्दांनी घोषित केलेली नावेच संदर्भाच्या ऑब्जेक्टवर येतात. लेट, कॉन्स्ट व क्लास यांनी घोषित केलेली नावे तेथे येत नाहीत. ती मिळवण्यासाठी त्याच संदर्भात आणखी एक छोटा मजकूर चालवून त्याचे मूल्य घ्यावे लागते. दुसरी बाब अधिक फसवी आहे. नव्या संदर्भाचे ॲरे व ऑब्जेक्ट हे मूलभूत प्रकार चाचणीच्या फाइलीतील त्याच नावाच्या प्रकारांहून भिन्न असतात. त्यामुळे फंक्शनने परत केलेला ॲरे दिसायला तंतोतंत अपेक्षित ॲरेसारखा असला, तरी दोहोंचे प्रोटोटाइपही ताडून पाहणारी कठोर तुलना अनुत्तीर्ण होते. अशा वेळी उत्तराची प्रत चाचणीच्या संदर्भात करून घेऊन मग तुलना केली जाते.

### ईएस मॉड्यूल

जून २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्मास्क्रिप्ट २०१५ मध्ये मॉड्यूलची व्यवस्था भाषेचाच भाग बनली. प्रमुख न्याहाळकांनी २०१७ व २०१८ मध्ये तिला पाठबळ दिले. या व्यवस्थेत फाइल आपली फंक्शने एक्स्पोर्ट या शब्दाने जाहीर करते आणि दुसरी फाइल ती इम्पोर्टने मागवते. पानावरील इतर फाइली व चाचणीची फाइल एकाच रीतीने तीच मूळ फाइल मागवत असल्याने वर उल्लेखिलेल्या युक्त्यांची गरज राहत नाही. नव्या प्रकल्पांसाठी हीच पद्धत प्रचलित आहे.

पारंपरिक फाइलीचे मॉड्यूलमध्ये रूपांतर करताना वर्तनात काही बदल होतात. मॉड्यूल नेहमी कठोर नियमांत म्हणजे स्ट्रिक्ट मोडमध्ये चालते, पानाचे वाचन पूर्ण झाल्यावर चालते आणि त्यातील वरच्या स्तरावरील नावे सार्वत्रिक कक्षेत जात नाहीत. त्यामुळे एचटीएमएलमधील बटणाच्या ऑनक्लिक गुणधर्मात लिहिलेले फंक्शनचे नाव सापडेनासे होते. शिवाय क्रोमसारखे न्याहाळक डिस्कवरून थेट उघडलेल्या पानात सुरक्षेच्या कारणास्तव मॉड्यूल लोड करत नाहीत, म्हणून चाचणीचे पानही स्थानिक सर्व्हरवरून उघडावे लागते.

## उदाहरण: रुपयांतील रकमेची मांडणी

एखाद्या पतसंस्थेच्या किंवा दुकानाच्या संकेतस्थळावर रक्कम भारतीय पद्धतीने, म्हणजे शेवटचे तीन अंक व त्यापुढे दोन-दोन अंकांचे गट पाडून दाखवायची आहे, असे समजू. हे काम करणारे फंक्शन 'रक्कम' नावाच्या फाइलीत आहे आणि पानावरील बटणे हाताळणारा भाग 'पान' नावाच्या दुसऱ्या फाइलीत आहे. पहिली फाइल पानाबद्दल काहीही जाणत नाही, म्हणून ती एकटी तपासता येते.

या फंक्शनसाठी पुढील तक्त्यासारख्या चाचण्या लिहिता येतात:

- ० दिल्यास ० मिळावे.
- ९९९ दिल्यास ९९९ मिळावे, स्वल्पविराम येऊ नये.
- १००० दिल्यास १,००० मिळावे.
- ९९९९९ दिल्यास ९९,९९९ मिळावे.
- १००००० दिल्यास १,००,००० मिळावे.
- १००००००० दिल्यास १,००,००,००० मिळावे.
- उणे १०० दिल्यास −१०० मिळावे.
- संख्या नसलेले मूल्य दिल्यास ठरवून दिलेली त्रुटी यावी.

यांतील पाचवी चाचणी निर्णायक आहे. पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन अंकांचे गट पाडणारे चुकीचे फंक्शनही ९९,९९९ पर्यंतच्या सर्व रकमांना बरोबर उत्तर देते, कारण तोपर्यंत दोन्ही पद्धतींची मांडणी एकच असते. फरक एक लाखापासून सुरू होतो. लहान रकमा टाकून हाताने तपासणी करणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. जेथे वर्तन बदलते त्या सीमेच्या अलीकडील व पलीकडील मूल्ये निवडण्याच्या या तंत्राला सीमामूल्य विश्लेषण म्हणतात.

सातवी चाचणीही अशाच एका नेहमीच्या चुकीसाठी आहे. संख्येचे अक्षरमालेत रूपांतर करून शेवटची तीन अक्षरे वेगळी काढणाऱ्या फंक्शनला उणे १०० ही चार अक्षरे दिसतात. ते शेवटचे तीन अंक बाजूला काढते आणि उरलेल्या उणे चिन्हापुढे स्वल्पविराम लावते. खात्यात येणे बाकी दाखवणाऱ्या पानावर ही चूक ग्राहकाच्या थेट नजरेस पडते.

देवनागरी अंक स्वीकारणाऱ्या फंक्शनसाठी वेगळ्या चाचण्या लागतात. जावास्क्रिप्टचे संख्येत रूपांतर करणारे अंगभूत फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही आणि 'संख्या नाही' असे मूल्य परत करते. नियमित पदावलीतील अंकदर्शक चिन्हही केवळ इंग्रजी अंकांशीच जुळते. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा दशमान क्रमांक २४०६ आहे आणि पुढील नऊ अंक क्रमाने येतात. त्यामुळे प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करून त्याची किंमत काढता येते. अशा फंक्शनच्या चाचणीत केवळ देवनागरी, केवळ इंग्रजी आणि दोहोंची सरमिसळ असलेली, अशी तिन्ही प्रकारची इनपुटे घेतली जातात.

## बाह्य घटकांवर अवलंबून असलेली फंक्शने

### वेबपान

पानावरील घटक वाचणारे व बदलणारे फंक्शन नोडमध्ये तपासण्यासाठी जेएसडॉम हा संग्रह वापरला जातो. तो एचटीएमएल वाचून पानाच्या घटकांची रचना स्मृतीत उभी करतो. घटक शोधणे, मजकूर बदलणे, बटण दाबल्याची घटना घडवणे ही कामे त्यात करता येतात. मात्र तो पानाची प्रत्यक्ष मांडणी करत नाही. त्यामुळे घटकाची रुंदी, उंची वा स्थान विचारल्यास शून्य मिळते. मांडणीवर अवलंबून असलेली फंक्शने खऱ्या न्याहाळकातच तपासावी लागतात.

हिशेबाचा भाग व पान हाताळण्याचा भाग वेगवेगळ्या फंक्शनांत ठेवल्यास जेएसडॉमची गरज बरीच कमी होते. पानावरून मूल्य वाचणे, त्यावर हिशेब करणे आणि उत्तर पानावर लिहिणे ही तीन कामे एकाच फंक्शनमध्ये असतील, तर हिशेबाच्या प्रत्येक चाचणीसाठी पान उभे करावे लागते. ती वेगळी असतील, तर हिशेबाचे फंक्शन शुद्ध राहते.

### वेळ आणि दिनांक

घड्याळावर अवलंबून असलेल्या फंक्शनची चाचणी आज उत्तीर्ण आणि उद्या अनुत्तीर्ण होऊ शकते. म्हणून सद्य वेळ फंक्शनच्या आत न विचारता इनपुट म्हणून द्यावी किंवा नकली घड्याळ वापरावे, असा संकेत आहे. सायनन, जेस्ट व नोडचा अंगभूत चालक यांत नकली घड्याळाची सोय आहे. काही मिनिटांनंतर चालणारे काम चाचणीत त्यामुळे क्षणार्धात तपासता येते.

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे एक विशिष्ट चूक संभवते. दिनांकाचे आयएसओ स्वरूप देणारी जावास्क्रिप्टची मेथड नेहमी जागतिक प्रमाणवेळ वापरते. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती आदल्या दिवसाची तारीख देते. त्यावरून आर्थिक वर्ष ठरवणारे फंक्शन १ एप्रिलच्या पहाटे ३१ मार्च समजून पावती मागील वर्षात टाकू शकते. दिवसा कामाच्या वेळेत केलेल्या तपासणीत ही चूक आढळत नाही. १ एप्रिल रोजी पहाटे एक वाजताची वेळ देऊन लिहिलेली एकच चाचणी ती पकडते. ही चाचणी प्रत्येक संगणकावर सारखीच चालावी, यासाठी चाचणीचा टाइम झोन निश्चित करून ठेवला जातो.

### सर्व्हर व इतर फाइली

सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या फंक्शनच्या चाचणीत खऱ्या सर्व्हरऐवजी ठरावीक उत्तर देणारे नकली फंक्शन वापरतात. केवळ ठरलेले उत्तर देणाऱ्या फंक्शनला स्टब म्हणतात. आपल्याला कोणत्या इनपुटसह व किती वेळा हाक मारली गेली याची नोंद ठेवणाऱ्या फंक्शनला स्पाय आणि ठरलेल्या अपेक्षांशी ती नोंद पडताळणाऱ्या घटकाला मॉक अशी नावे रूढ आहेत.

ईएस मॉड्यूलमधून मागवलेली नावे फक्त वाचता येतात, बाहेरून बदलता येत नाहीत. म्हणून एका फाइलीतील फंक्शन दुसऱ्या फाइलीतील फंक्शनला हाक मारत असेल, तर त्याजागी थेट नकली फंक्शन बसवता येत नाही. चौकटीने दिलेली मॉड्यूल बदलण्याची सोय वापरणे हा एक उपाय आहे. लागणारे फंक्शन इनपुट म्हणून बाहेरून देणे हा दुसरा उपाय असून तो अधिक सरळ समजला जातो.

## असमकालिक फंक्शनांची चाचणी

उत्तर लगेच न देता काही वेळाने देणारी फंक्शने प्रॉमिस परत करतात. चाचणीने त्या प्रॉमिसची वाट पाहिली नाही, तर असर्शन तपासले जाण्यापूर्वीच चाचणी संपते आणि उत्तीर्ण म्हणून नोंदली जाऊ शकते. हे टाळण्यासाठी चाचणीचे फंक्शन असिंक घोषित करून त्यात अवेट वापरतात किंवा प्रॉमिस चौकटीकडे परत करतात. क्यूयुनिटमध्ये एकही असर्शन न झालेली चाचणी मुळातच अनुत्तीर्ण धरली जाते. इतर काही चौकटींत ती उत्तीर्ण ठरते. म्हणून नवी चाचणी लिहिल्यावर मूळ फंक्शनमध्ये मुद्दाम चूक करून ती अनुत्तीर्ण होते का, हे एकदा पाहण्याची पद्धत आहे.

## चाचणीचे पर्यावरण

नोड व क्रोम हे दोन्ही व्ही८ या एकाच इंजिनावर चालत असले, तरी त्यांची उत्तरे प्रत्येक बाबतीत सारखी असतीलच असे नाही. भाषिक मांडणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मराठी भाषेचा संकेत देऊन संख्येची मांडणी मागितल्यास न्याहाळक देवनागरी अंकांत व लाख-कोटींच्या गटांत उत्तर देतो. नोड.जेएसच्या १३ व्या आवृत्तीपूर्वी मात्र तिच्या नेहमीच्या वितरणात केवळ इंग्रजीचीच भाषिक माहिती अंतर्भूत असे. त्यामुळे तेच फंक्शन तेथे इंग्रजी अंकांत व तीन-तीन अंकांच्या गटांत उत्तर देई. १३ व्या आवृत्तीपासून (२०१९) सर्व भाषांची माहिती समाविष्ट करण्यात आली.

यामुळे बहुतेक प्रकल्पांत दुहेरी व्यवस्था आढळते. शुद्ध फंक्शनांच्या चाचण्या प्रत्येक बदलानंतर नोडमध्ये चालवल्या जातात, कारण त्या काही सेकंदांत पूर्ण होतात. न्याहाळकाच्या वर्तनावर अवलंबून असलेल्या मोजक्या चाचण्या क्रोम, फायरफॉक्स व सफारी यांच्या इंजिनांवर वेगळ्याने चालवल्या जातात.

## कव्हरेज

चाचण्या चालत असताना मूळ फाइलीतील किती ओळी व शाखा प्रत्यक्ष चालल्या, याच्या टक्केवारीला कव्हरेज म्हणतात. जावास्क्रिप्टसाठी इस्तंबूल हे साधन त्यासाठी प्रसिद्ध आहे. व्ही८ इंजिनातही ही मोजणी अंगभूत आहे. कमी कव्हरेज म्हणजे न तपासलेला भाग शिल्लक असल्याचा खात्रीशीर पुरावा होय. त्याउलट पूर्ण कव्हरेज हा फंक्शन अचूक असल्याचा पुरावा ठरत नाही. वरील उदाहरणात केवळ ५ व १००० ही दोन मूल्ये देऊनही फंक्शनच्या सर्व ओळी चालू शकतात आणि लाखाची चूक तशीच राहू शकते. स्ट्रायकरसारखी साधने मूळ फाइलीत आपोआप लहान बदल घडवून चाचण्या ते पकडतात का हे तपासतात. या तंत्राला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात.

## मर्यादा

एकक चाचणी प्रत्येक फंक्शन स्वतंत्रपणे योग्य असल्याची ग्वाही देते. ती फंक्शने एकत्र जोडल्यावर पान योग्य चालेल, याची ती हमी देत नाही. एक फंक्शन रक्कम रुपयांत देत असेल आणि दुसरे ती पैशांत घेत असेल, तर दोघांच्याही चाचण्या उत्तीर्ण होऊन हिशेब शंभर पटींनी चुकतो. टॅगांचा क्रम चुकणे किंवा एखादी फाइल सर्व्हरवर चढवायची राहणे, या चुकाही तिच्या कक्षेबाहेर असतात. त्यासाठी एकात्मिक चाचणी व संपूर्ण पानाची चाचणी आवश्यक असते.

तसेच चाचणी लिहिणाऱ्याला जे सुचले नाही ते चाचणीतही नसते. म्हणून वापरकर्त्याने कळवलेली प्रत्येक चूक दुरुस्त करण्यापूर्वी ती दाखवून देणारी चाचणी लिहिण्याचा प्रघात आहे. दुरुस्तीनंतर ती चाचणी उत्तीर्ण होते आणि पुढे कोणी त्या फाइलीत बदल केल्यास तीच चूक परत आली का, हे तत्काळ समजते. मूळ फंक्शन लिहिणारी व्यक्ती प्रकल्पातून निघून गेल्यावरही फंक्शनकडून काय अपेक्षित होते, याची नोंद अशा चाचण्यांच्या रूपाने टिकून राहते.

## हे सुद्धा पहा

- जावास्क्रिप्ट
- नोड.जेएस
- जेक्वेरी
- एक्मास्क्रिप्ट
- सॉफ्टवेअर चाचणी
- युनिकोड